क्राकोवचं जुनं शहर आणि वॉर्साचं जुनं शहर: फोटोत घोळ का होतो

पोलंडची ग्रुप टूर करून आलेल्या कुणाचेही फोटो बघायला बसा, अर्ध्या तासात भांडण ठरलेलं. "हे क्राकोव ना?" "नाही गं, वॉर्सा. थांब, इथेच तर तुझी छत्री राहिली होती." आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एका काकूंनी सगळे फोटो 'क्राकोव' नावाने टाकले आणि चार दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. खरं सांगायचं तर त्यात त्यांची चूक कमी आणि नावांची जास्त. दोन्ही शहरांत 'जुनं शहर' आहे, दोन्हीकडे मधोमध रिनेक म्हणजे बाजारचौक, दोन्हीकडे लाल विटांचा गोल बुरूज ज्याला बार्बिकन म्हणतात, दोन्हीकडे राजवाडा आणि त्याच्याकडे जाणारा 'राजमार्ग', आणि दोन्ही युनेस्कोच्या यादीत. क्राकोव 1978 मध्ये, अगदी पहिल्या बारा जागांमध्ये, आणि वॉर्सा 1980 मध्ये. वर गाइड कानातल्या रिसिव्हरमधून दोन्हीकडे तेच शब्द बोलत राहतो, मग माणूस करणार काय.

फोटो ओळखायची सोपी खूण आधी देऊन टाकते. चौकाच्या मधे कमानींची लांबलचक इमारत दिसली तर ते क्राकोव, ती सुकिएनित्से, म्हणजे जुना कापडबाजार. चौकात तलवार उगारलेली जलपरी दिसली तर वॉर्सा. क्राकोवचा चौक अवाढव्य आहे, एकेक बाजू साधारण 200 मीटर, त्यामुळे ग्रुपमधलं कोणीतरी हमखास हरवतं. वॉर्साचा चौक त्याच्या निम्म्याहून लहान, हरवायची सोयच नाही.

पण खरा फरक फोटोत दिसत नाही. क्राकोवचं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धातून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर आलं आणि वॉर्साचं जमीनदोस्त झालं, आज तुम्ही ज्या गल्लीत उभे राहून सेल्फी काढता ती बहुतेक सगळी 1945 नंतर बांधलेली आहे. आमच्या टूर मॅनेजरने बसमध्येच जाहीर केलं की "हे डुप्लिकेट आहे, ओरिजिनल तुम्ही क्राकोवला बघितलंय, इथे तासभर पुरे." मला ते तेव्हाही पटलं नाही आणि नंतर वाचल्यावर तर अजिबातच नाही.

झालं असं की 1 ऑगस्ट 1944 ला वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तो 63 दिवस चालला आणि हरला. लढाईत शहर पडलंच, पण उठाव संपल्यावर उरलेलं शहर जर्मनांनी ठरवून पाडलं, रस्त्यामागून रस्ता जाळत, सुरुंग लावत. जुन्या शहराचा 85 टक्क्यांहून जास्त भाग गेला. राजवाडा उडवायला भिंतींना भोकं तर 1939 मध्येच पाडून ठेवली होती, उडवला 1944 मध्ये.

मग बांधलं कशावरून? गाइड लोकांचं आवडतं उत्तर असं की बेलोत्तो नावाचा इटालियन दरबारी चित्रकार होता, तिथे त्याला कानालेत्तो म्हणतात, त्याने अठराव्या शतकात शहराची इतकी बारीक चित्रं काढली होती की त्यावरून सगळं उभं केलं. हे अर्धवट खरं आहे. त्याची चित्रं मुख्यतः राजमार्गाची आणि राजवाड्याच्या परिसराची, तिथे ती उपयोगी पडलीच. पण जुन्या शहरातल्या घरांसाठी जास्त कामाला आली ती आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी घेतलेली मोजमापं आणि नकाशे, जे युद्धात वॉर्साबाहेर नेऊन एका मठात लपवून ठेवले होते. म्हणजे कॉलेजच्या मुलांचं सबमिशन! ते ऐकून आमच्या ग्रुपमधले एक रिटायर्ड ड्राफ्ट्समन काका एकदम गप्प झाले, मग म्हणाले आता प्रत्येक खिडकी नीट बघतो.

आणि नीट बघितलं की कळतं ही हुबेहूब नक्कल नाहीच. एकोणिसाव्या शतकातली वाढीव बांधकामं बरीचशी मुद्दाम गाळली, मागच्या अंगणात दाटीवाटीने उभी राहिलेली घरं परत बांधली नाहीत म्हणजे उजेड येईल, आत नव्या सोयींचे फ्लॅट केले आणि भिंतींवरची कितीतरी नक्षी 1950 च्या दशकातल्या कलाकारांची आहे. तिथे लोक राहतात हो, वरच्या मजल्यावर टॉवेल वाळत घातलेला मी स्वतः पाहिला. युनेस्कोनेही ते 'जुनं आहे' म्हणून नाही घेतलं, जवळजवळ संपूर्ण पुनर्बांधणीचं असाधारण उदाहरण म्हणून घेतलंय. मग डुप्लिकेट कसं म्हणायचं, ते विसाव्या शतकातलं स्वतंत्र कामच झालं की.

दोन बार्बिकन शेजारी ठेवले तर हे अजून स्पष्ट होतं. क्राकोवचा 1498-99 चा, अजून तसाच भक्कम. वॉर्साचा मूळ सोळाव्या शतकातला पण आजचा 1950 च्या दशकात उभा केलेला, आणि त्यासाठी जुन्या विटा दूरच्या गावांतल्या, व्रोत्स्वाफ आणि निसाच्या पडझड झालेल्या इमारतींमधून आणलेल्या. विटा खरंच जुन्या आहेत, फक्त इथल्या नाहीत!

आता क्राकोवबद्दल. तिथे सगळं ओरिजिनल हा समजही थोडा सैल करायला हवा. शहराची तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडली आणि तिच्या जागी प्लांती नावाची बाग आली, बार्बिकन आणि दरवाजाचा थोडा भाग वाचला एवढंच. नगरभवन 1820 मध्ये पाडलं, फक्त मनोरा उरला. चौकातला कवी मित्स्किएविचचा पुतळा जर्मनांनी 1940 मध्ये पाडला, तो 1955 मध्ये परत उभा केला. (गंमत म्हणजे हा कवी जिवंतपणी क्राकोवला कधी आलाच नाही, 1890 मध्ये त्याचे अवशेष वावेलला, म्हणजे क्राकोवच्या किल्ल्याच्या टेकडीवर आणले.) मरियम चर्चमधली वित स्त्वोशची लाकडी वेदी 1477 ते 1489 मध्ये घडवलेली, ती नाझींनी उचलून जर्मनीला नेली आणि 1946 मध्ये परत आली. तीच वेदी बघायला लोक तासभर रांग लावतात, आणि लावावीच.

आणि क्राकोव वाचलं ते काही कुणाच्या दयेने नाही. जर्मनांनी ताब्यातल्या पोलिश भागाचा कारभार तिथूनच चालवला, त्यांचा गव्हर्नर वावेलच्या किल्ल्यात राहायचा. घरं राहिली, माणसं गेली. युद्धाआधी क्राकोवमध्ये सुमारे 60 हजार ज्यू होते. काझिमिएझ भागात आज त्यांची सिनेगॉग उभी आहेत, त्यातली काही म्युझियम झाली आहेत, आणि आजूबाजूला कॅफे. हा भाग टूरमध्ये 'फ्री टाइम, शॉपिंग' असा लिहून येतो याचा मला जरा रागच आहे.

त्यामुळे निवड तुमच्या हातात असेल तर क्राकोव आधी आणि वॉर्सा नंतर असा कार्यक्रम बघा. राजधानीही त्याच क्रमाने हलली, 1596 च्या आसपास, राजा झिग्मुंट तिसरा याच्या काळात. राज्याभिषेक मात्र त्यानंतरही बराच काळ बहुतेक वावेललाच व्हायचे. आधी वावेलला राजांच्या कबरी बघायच्या, तासाला मरियम चर्चच्या मनोऱ्यावरून वाजणारा आणि मधेच तुटणारा तो तुतारीचा सूर ऐकायचा (दंतकथेप्रमाणे वाजवणाऱ्याच्या गळ्यात तातारांचा बाण घुसला म्हणून), आणि मग वॉर्सात जाऊन उलटा प्रश्न विचारायचा, की हे परत का बांधलं. तासभर अजिबात पुरत नाही, किमान अर्धा दिवस. त्यात कोल्हापूरकर असाल तर वॉर्सातल्या माँटे कॅसिनो स्मारकाजवळची, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पाटी बघा, 1943 ते 48 तिथल्या छावणीत सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित होते. गाइडला आधी सांगून ठेवा, कारण तो बहुतेक वेळा जामनगरच्या महाराजांच्या स्मारकावर नेतो आणि तेच हे म्हणतो. जामनगरजवळची बालाचडीची छावणी वेगळी, ती मुलांची होती.

राजवाड्याचं घड्याळही बघा. 17 सप्टेंबर 1939 ला बॉम्ब पडले तेव्हा ते सव्वाअकराला थांबलं, 1974 मध्ये परत सुरू केलं तेही सव्वाअकराच्याच ठोक्याला.

आणि बसकडे परत जाताना राजवाड्यासमोरच्या उंच खांबावर तोच झिग्मुंट उभा आहे. 1644 चं स्मारक, 1944 मध्ये कोसळलं, 1949 मध्ये परत उभं राहिलं. वरचा काशाचा राजा मूळचाच, दुरुस्त केलेला. खांब मात्र तिसरा. पहिला 1644 चा आणि दुसरा एकोणिसाव्या शतकातला, दोन्हींचे तुकडे राजवाड्याच्या कडेला गवतात आडवे पडलेत. आमच्यातल्या एका काकांनी त्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली, मग पाटी वाचली आणि पाय काढून घेतला.