अंगठा पिकला तेव्हा

काटोलला मामांच्या बागेत गेलो होतो. आपल्याकडे संत्र्याची कलमं जंभेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर बांधतात, आणि त्या खुंटाला फुटवे आले की त्यांना चांगले लांब काटे असतात. त्यातला एक अंगठ्यात मोडला. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या घरी अंगठा लाल, गरम, टम्म. आई म्हणाली, “पिकला हा.”

पिकला म्हणजे नेमकं काय झालं? काट्यासोबत जिवाणू कातडीखाली गेले. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यांनी परके जीव ओळखले आणि रसायनं सोडली. आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, झिरपू लागल्या. लाली आणि सूज त्याचीच. मग रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडल्या. आपल्या अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात, कारण त्यांचं आयुष्य जेमतेम. जिवाणू गिळून त्या मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. आपण उगाच नाक मुरडतो.

गंमत म्हणजे हे कोडं सुटलं तेही काट्यानंच. १८८२ च्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा! काटे ज्या बागेतले, तिथेच मुलांसाठी नाताळचं झाड म्हणून एक छोटं संत्र्याच्या जातीचं झाड सजवलं होतं. नागपूरकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

त्याच १८८२ च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी क्षयाचा जिवाणू जगापुढे मांडला होता, आणि हा जिवाणू मोठा बेरकी. मॅक्रोफेज त्याला गिळते, एका पुरचुंडीत बांधते. एरवी त्या पुरचुंडीत पाचक रसांची पिशवी येऊन मिसळते आणि जिवाणूचा निकाल लागतो. क्षयाचा जिवाणू ते मिसळणंच रोखतो. म्हणजे ज्या पेशीनं खायचं, तिच्याच पोटात बिऱ्हाड! मारता येत नाही म्हटल्यावर शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडतं. लागण झालेल्या बहुतेकांत हा कोंडवाडा जन्मभर टिकतो. मधुमेह, कुपोषण किंवा एचआयव्हीनं तो कमकुवत झाला, की जिवाणू कित्येक वर्षांनंतरही बाहेर पडू शकतो.

काटा चौथ्या दिवशी पुवासकट निघाला, अंगठ्याची सूज उतरली. क्षयात खोकला काही आठवड्यांत थांबतो, तरी गोळ्या साधारण सहा महिने चालतात. दडून सुस्त बसलेले जिवाणू मारायला औषधाला तेवढा वेळ लागतो.