थांबलेल्या मालाची किंमत

२०१५ साली राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राने देशभरातल्या शीतसाखळीचा हिशेब मांडला. कोल्ड स्टोरेजची गरज सुमारे ३५१ लाख टन, उपलब्ध क्षमता सुमारे ३१८ लाख टन. तूट दहा टक्क्यांच्या आत. इथवर वाचून कोणालाही हायसं वाटेल. पण त्याच अहवालातले बाकीचे आकडे असे होते: शेताजवळ माल निवडून, गार करून, पेटीत भरणारी पॅकहाऊस हवीत ७०,०८० आणि होती २४९. रीफर, म्हणजे माल गार ठेवून नेणाऱ्या, गाड्या हव्यात जवळपास ६२ हजार, होत्या दहा हजारांच्या आत. फळं पिकवण्याच्या खोल्या हव्यात ९,१३१, होत्या ८१२.

माल ठेवायला जागा आहे, पण तो शेतातून गार होऊन निघेल आणि गारच ग्राहकापर्यंत पोचेल अशी वाट नाही, असा याचा अर्थ. गोदामांच्या आणि कोल्ड स्टोरेजच्या व्यवसायात आज ‘लीन’, म्हणजे वाया जाणारं सगळं काढून टाकत काम करण्याची पद्धत, हा शब्द सर्रास ऐकू येतो आणि बहुतेक ठिकाणी जमिनीवर पिवळे पट्टे मारणं, भिंतीवर तक्ते लावणं यापुढे तो जात नाही. मला वाटतं, त्याचा खरा उपयोग वरच्या आकड्यांकडे बघताना होतो. त्यासाठी हा विचार आला कुठून, ते आधी पाहायला हवं. (आपल्या ‘लीन’शी, म्हणजे नम्र किंवा तल्लीन याच्याशी, त्याचा संबंध नाही. हा इंग्रजीतला लीन, अंगावर फाजील चरबी नसलेला, सडसडीत.)

सुरुवात होते विकल्या न गेलेल्या गाड्यांपासून. युद्धानंतरच्या जपानमध्ये १९४९ साली पैशाची टंचाई पराकोटीला गेली. टोयोटाकडे तयार गाड्या साचल्या, बँकांनी मदतीबरोबर अटी घातल्या, कामगारकपात झाली, संप झाला आणि १९५० मध्ये कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा पायउतार झाले. ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढंच’ ही कल्पना मुळात त्यांचीच. ती प्रत्यक्ष यंत्रशाळेत उतरवली ताइइची ओनो यांनी. ओनो १९३२ मध्ये टोयोडांच्या कापड व्यवसायात लागले आणि १९४३ मध्ये मोटार कंपनीत आले. मागणी नसताना केलेलं उत्पादन कंपनीला कुठे नेऊ शकतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

ओनोंना वाट सापडली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या वर्णनांतून. १९५६ मध्ये त्यांनी ती दुकानं स्वतः जाऊन पाहिली, पण कल्पना त्याआधीच कामाला लागली होती. गिऱ्हाईक फळीवरून हवी ती वस्तू उचलतं, फळी रिकामी होते, आणि रिकामी झाली तेवढीच पुन्हा भरली जाते. ओनोंनी कारखान्यातल्या प्रत्येक टप्प्याला पुढच्या टप्प्याचं दुकान केलं. पुढचा कामगार मागे येऊन लागेल तेवढे भाग उचलणार, त्याबरोबरची चिठ्ठी मागे जाणार आणि त्या चिठ्ठीइतकंच नवं काम सुरू होणार. ही चिठ्ठी म्हणजे कानबान. दूध, भाजी, मांस विकणाऱ्या दुकानाची ही रीत, आणि ती दुकानं उभी होती रेफ्रिजरेशनच्या जोरावर. म्हणजे लीनचं एक मूळ नाशवंत खाण्याच्या दुकानातच आहे. मोटारीच्या कारखान्यात जाऊन, नवं नाव घेऊन तो विचार पुन्हा खाण्याच्या गोदामाकडे परतला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ओनोंनी वाया जाण्याचे, जपानीत ‘मुदा’चे, सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, मालाची अनावश्यक ने-आण, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, माणसाची फुकटची हालचाल आणि दोषयुक्त माल. यातला साठा गोदामवाल्याला खटकणारच, कारण त्याचा धंदाच साठ्याचा. भरलेली वखार ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बरकतीची खूण. ओनोंच्या लेखी मात्र साठा म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी अडचणीवर घातलेलं पांघरूण: पुरवठादार वेळेवर देत नाही, यंत्र मधेच बंद पडतं, मागणीचा अंदाज चुकतो, म्हणून माल भरून ठेवायचा.

१९७३ च्या तेलसंकटातून टोयोटा इतरांपेक्षा लवकर सावरली, तेव्हा जपानमधल्या उद्योगांचं या पद्धतीकडे लक्ष गेलं. ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफसिक या अमेरिकी अभियंत्याने एका लेखात वापरलं आणि १९९० नंतर जेम्स वोमॅक व डॅनिअल जोन्स यांच्या लेखनातून ते जगभर गेलं. टोयोटाने सुट्या भागांच्या गोदामांतही हीच रीत आणली. मोठे कप्पे काढून छोटे केले, रोज जाणारा माल हाताशी आणि वर्षात दोनदा लागणारा मागे ठेवला, आणि आठवड्याची मोठी मागणी एकदम नोंदवण्याऐवजी विकलं तेवढं रोज मागवायला सुरुवात केली. कमी जागेत जास्त जातींचे भाग मावू लागले आणि माणसांची पायपीटही घटली.

आपल्याकडे गोदामं वेगळ्याच कारणांनी वाढली. ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीनंतर १९५६ चा वखार महामंडळांचा कायदा झाला. त्यानुसार १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातलं राज्य वखार महामंडळ उभं राहिलं. शेतकऱ्याला सुगीतच पडेल भावाने माल विकावा लागू नये, वखारीच्या पावतीवर त्याला कर्ज मिळावं, हा हेतू रास्त होता. कारखानदारांच्या गोदामांना आकार दिला करांनी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, पण स्वतःच्याच डेपोत माल हलवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात एक डेपो ठेवत. भिवंडी फोफावली त्यामागेही मुंबईच्या जकातीची हद्द होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि मग कुठे गोदाम कुठे असावं हा प्रश्न मागणी आणि अंतर पाहून सोडवता येऊ लागला. साठ वर्षं आपण मुदा कायद्यानेच बांधत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

कोल्ड स्टोरेजची कहाणी याहून जुनी. देशातलं पहिलं शीतगृह १८९२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं. पुढे या धंद्यावर राज्य केलं बटाट्याने. उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये गोणी आत जातात आणि नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने बाहेर येतात. एकच माल, एकच तापमान, भाडं गोणीवर. १९६४ च्या शीतगृह आदेशाने परवाना सक्तीचा केला आणि केंद्राची ही सक्ती १९९७ मध्ये उठली. त्यानंतर राष्ट्रीय फलोत्पादन मंडळामार्फत भांडवली अनुदान सुरू झालं आणि त्याचे खर्चाचे निकष क्षमतेच्या टनांवर बेतलेले होते. टनाला पैसे मिळत असतील तर टन बांधले जातात. पॅकहाऊस टनांत नीट मोजता येत नाही, कारण तिथे माल काही तासच थांबतो. लेखाच्या सुरुवातीच्या २४९ या आकड्यामागे मला हे कारण मोठं दिसतं.

आणि थंडीत थांबण्याची किंमत दुहेरी असते. कोरड्या गोदामात पडून राहिलेली साबणाची पेटी फक्त जागा आणि पैसे अडवते. कोल्ड स्टोरेजमधलं फळ श्वसन करतं, उष्णता सोडतं, वजन गमावतं, आणि ते म्हातारं होत असताना विजेचं बिल चालूच राहतं. डॉकचं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याचं, दार दहा मिनिटं उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, बाष्प हवा गार करणाऱ्या कॉइलवर गोठतं, त्या बर्फामुळे थंडावा कमी मिळतो, मग बर्फ वितळवायला कॉइल गरम करायची आणि ती उष्णता पुन्हा बाहेर काढायची. गाडी आली पण कागद तयार नाहीत, कागद आहेत पण हमाल दुसऱ्या गाडीवर, अशा वाट बघण्याचे पैसे मीटरवर दिसतात. ‘आधी आलेला आधी बाहेर’ हा वखारीचा जुना नियमही इथे अपुरा पडतो. उन्हात चार तास राहून काल आलेली पेटी, शेतातून थेट गार होऊन परवा आलेल्या पेटीच्या आधी संपते. म्हणून शीतगृहात ‘आधी खराब होणार तो आधी बाहेर’ हा नियम आला, आणि त्यासाठी प्रत्येक पेटीचा मागचा प्रवास माहीत असावा लागतो.

हे आपल्याकडे सर्वांत आधी नीट शिकले ते द्राक्षवाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि १९९१ मध्ये द्राक्षउत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून निर्यातीसाठी महाग्रेप्स उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत युरोपातून माल नाकारला गेला. द्राक्ष तोडल्यावर पुढे पिकत नाही. तोडल्या क्षणापासून त्याची उतरणच असते, आणि ती आधी देठावर दिसते. मणी टवटवीत असतानाही देठ तपकिरी पडला की युरोपातला खरेदीदार पेटी बाजूला काढतो. उपाय कॅलिफोर्नियाच्या अनुभवातून आला: सकाळच्या गारव्यात तोडणी, लगेच पॅकहाऊस, पेट्यांमधून जोराने थंड हवा खेचून सहा-आठ तासांत गराची उष्णता काढणं (हेच प्रीकूलिंग), पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, मग शून्य अंशाच्या आसपास, नव्वद टक्क्यांवर आर्द्रतेत साठवण, तीही कंटेनर भरण्यापुरतीच. नाशिक-सांगलीच्या पॅकहाऊसमध्ये लीन हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, पण तोडणी प्रीकूलिंगच्या क्षमतेइतकीच करायची, बागेत क्रेट साचू द्यायचे नाहीत, ही शिस्त आली. ओनोंच्या पद्धतीतली ‘ओढ’, इंग्रजीतलं ‘पुल’, ती हीच. मागच्या टप्प्याचा वेग ठरवतो तो पुढचा टप्पा. २००६ च्या सुमारास अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ग्रेपनेट ही नोंदणीची संगणकीय व्यवस्था आणली आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला.

दुधाचं उदाहरण तर रोजचं आहे. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालात पेरूचं नुकसान १५.८८ टक्के, टोमॅटोचं १२.४४, कांद्याचं ८.२० आणि दुधाचं फक्त ०.९२ टक्के आहे. दूध या सर्वांत नाशवंत. पण ते दिवसातून दोनदा गोळा होतं, गावातच गार होतं आणि थांबत नाही.

या विचाराची मर्यादाही मान्य करायला हवी, आणि ती टोयोटानेही मान्य केली: २०११ च्या भूकंपानंतर कंपनीने पुरवठादारांना इलेक्ट्रॉनिक चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. शेतीत तर साठा टळत नाही. रब्बीचा कांदा एप्रिलच्या आसपास निघतो आणि खरीप येईपर्यंत देश तोच खातो. तिथे साठ्याला मुदा म्हणणं चूक ठरेल. मुदा आहे ती साठ्यात शिरणाऱ्या नको त्या मालात: मान ओली असलेला, खुरपं लागलेला, दुभाळका कांदा. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, जातो, जागा खातो आणि शेजारच्यांना घेऊन सडतो. म्हणून लासलगाव-येवला पट्ट्यातला जाणता शेतकरी कांदा आधी पातीसकट सुकवतो, प्रतवारी करून मगच चाळ भरतो, आणि पावसाळा लागला की रोज फेरी मारतो. कुठल्या खणातून वास येऊ लागला, कुठल्या खणाखाली पाणी ओघळलं, हे बघून तो खण आधी मोकळा होतो, भरल्याची तारीख काहीही असो.