मुलाचा मानसिक आजार आणि आईवडिलांची जागा

मुंबईतल्या मराठी घरांत ‘ठाण्याला न्यावे लागेल’ हे शब्द दबक्या आवाजात उच्चारले जात, आणि त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. पुढे १९१२ च्या कायद्याने नातेवाइकाने अर्ज करावा, दंडाधिकाऱ्याने आदेश द्यावा आणि रुग्ण आत जावा, अशी वाट घालून दिली. त्या व्यवस्थेत आईवडील फार तर अर्जदार होते, उपचारांत त्यांना जागा नव्हती.

मुलांच्या मनाचा निराळा विचार मात्र याच शहरात लवकर सुरू झाला. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले, आणि पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू झाला. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीत डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर सामाजिक कार्यकर्ताही असे, आणि त्याचे बरेचसे काम आईवडिलांशी बोलण्याचे असे.

पण त्याच सुमारास पाश्चात्त्य मनोविश्लेषणात आईवर बोट ठेवले जाऊ लागले होते. १९४८ साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा, संबंध आईच्या वागण्याशी जोडला, आणि स्वमग्न मुलांच्या आयांवरही मायेचा ओलावा नसल्याचा ठपका आला. १९६६ साली मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड हेस्टन यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या, परंतु जन्मल्यावर लगेच त्यांच्यापासून दूर नेलेल्या ४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच जणांना मोठेपणी हाच आजार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ५० जणांत एकालाही झाला नाही. सांभाळ दुसऱ्यांनी करूनही आजार आला होता, म्हणजे तो केवळ आईच्या वागण्यातून येतो हे म्हणणे टिकणारे नव्हते.

आपल्याकडे दोष द्यायला अशा सिद्धांताची गरजही पडली नाही. ‘फार लाडावून ठेवलात’, ‘संस्कारात कमी पडलात’, ‘बाहेरचे काही असेल, एकदा दाखवून घ्या’, हे सांगायला नात्यातली माणसे पुरेशी असतात. पंधरा वर्षांची मुलगी दिवसेंदिवस आंघोळीला उठत नाही, भिंतीकडे तोंड करून कोणाशी तरी बोलत राहते, तेव्हा तिची आई आधी स्वतःच्याच चुका आठवत बसते, आणि डॉक्टरांकडे जायचे कित्येक महिने त्यातच निघून जातात. या दोषारोपाने केलेली सर्वांत मोठी हानी मला हीच वाटते.

नेमके उलट काम १९५० च्या दशकात अमृतसरला झाले. तिथे डॉ. विद्यासागर यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांजवळ राहायला बोलावले, आणि कुटुंब हे उपचारातले सोबती ठरले. कायद्यात त्याची छाया उमटायला बराच काळ गेला. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते, त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ त्याच्यासोबत राहायचे असते.

तरीही ही मुले बहुतेक काळ घरीच असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले, महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते; आणि मुंबईत घर म्हणजे पुष्कळदा एकच खोली. घरी येऊन पुनर्वसन करणाऱ्या सेवा शासनाने द्याव्यात असे याच कायद्यात लिहिले आहे, पण अशा बहुतेक खोल्यांपर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत. तिथे मुलगा रात्री उठून निघून जाऊ नये म्हणून वडील दाराला आडवे अंथरूण घालतात, आई विळी आणि सुरी तांदळाच्या डब्यात लपवते, आणि सकाळी दोघांपैकी एकजण कामावर खाडा करून, प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर घेऊन, ओपीडीच्या रांगेत नंबर लावायला निघतो.