देवस्थानांत स्त्रियांचा प्रवेश (महाराष्ट्र)

काही देवस्थानांत गाभारा, चौथरा किंवा मजार (दर्ग्यातील कबर) स्त्रियांना बंद ठेवण्याची प्रथा आणि तिच्याविरुद्धचा कायदेशीर लढा. राज्यघटनेचे कलम १५(१) राज्याला लिंगावरून भेदभाव करू देत नाही, तर कलम २६ धार्मिक संप्रदायाला आपला कारभार पाहू देते. वाद या दोहोंमधला. दुकाने, विहिरी, घाट सर्वांना खुले करणाऱ्या कलम १५(२)मध्ये देवळांचा उल्लेखच नाही. त्यांच्यासाठी कलम २५(२)(ख) आहे. सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करणारा कायदा राज्य त्याखाली करू शकते.

मुंबई राज्याचा १९५६चा पूजास्थान प्रवेश कायदा याच धाटणीचा. प्रवेश अडवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा झाला तो जातिभेद डोळ्यांपुढे ठेवून. स्त्रियांसाठी त्याचा खरा उपयोग २०१६ साली झाला. विद्या बाळ आणि अ‍ॅड. निलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिलला त्याची अंमलबजावणी सरकारवर सोपवली.

मात्र या मार्गाने मिळते ती पुरुषाशी बरोबरी, प्रवेशाची हमी नव्हे. दार सगळ्यांनाच बंद केले तर भेदभाव उरत नाही, हे विश्वस्तांनी लगेच ओळखले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर नोव्हेंबर २०१५मध्ये एक स्त्री चढली, तेव्हा तो दुधाने ‘शुद्ध’ करण्यात आला होता. पुढे चौथरा पुरुषांनाही बंद झाला. ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुरुष भाविक बंदी मोडून जलाभिषेकासाठी वर गेले आणि विश्वस्तांना त्याच दिवशी तो स्त्रियांसाठी खुला करावा लागला. त्र्यंबकेश्वरलाही आधी पुरुषांचा गाभाराप्रवेश थांबवला गेला. नंतर स्त्रियांना सकाळी तासभर मुभा मिळाली, तीही ओल्या सुती वा रेशमी वस्त्रांची अट घालून.

हाजी अली दर्ग्याला हिंदूंपुरता असलेला १९५६चा कायदा लागू नव्हता. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल थेट घटनेवर लागला (२६ ऑगस्ट २०१६). मजारीजवळची बंदी धर्माचा अत्यावश्यक भाग आहे, हे ट्रस्टला दाखवता आले नाही. २०११-१२पर्यंत स्त्रिया आत जात होत्या, तिथेच बाजू लंगडी पडली. स्त्रियांच्या सुरक्षिततेचे कारणही टिकले नाही: त्यासाठी वेगळ्या रांगा लावता येतात, मज्जाव करता येत नाही. हा फरक मोलाचा आहे, कारण कलम १५(३) स्त्रियांसाठी वेगळी सोय करायला मुभा देते. इथेही शेवटी बरोबरीच झाली. मजारीपासून स्त्री-पुरुष दोघांनाही सारख्याच अंतरावर थांबवण्यात आले.

कलम २६खाली संप्रदायाचा स्वतंत्र दर्जा सिद्ध झाला, तर लढत अवघड होते. केरळातील शबरीमला या अय्यप्पाच्या देवळात दहा ते पन्नास वयाच्या स्त्रियांना बंदी होती; त्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अय्यप्पा भक्तांना तो नाकारला; न्या. इंदू मल्होत्रा यांनी मान्य केला. २०१९मध्ये पुनर्विचाराच्या वेळी मूळ प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेले. जमातीबाहेर लग्न केलेल्या पारशी स्त्रीचा अग्यारीतील (पारशी अग्निमंदिरातील) प्रवेशही त्यांच्याशी जोडला गेला.