फअल, फअला, फअलू : चौदा सीग्यांचा तक्ता आला कुठून

सोलापुरात अरबी शिकायला बसणारे साधारण तीन-चार प्रकारचे लोक दिसतात. मदरशातली पोरं, कुराण समजून वाचायचंय म्हणून दुपारच्या क्लासला जाणाऱ्या बाया, सौदी-दुबईला जायची तयारी करणारी नई जिंदगीकडची तरुण मुलं, आणि नुसताच भाषेचा नाद असलेली थोडी रिकामटेकडी मंडळी. सगळे अडकतात मात्र एकाच जागी, क्रियापदाच्या गरदानपाशी, म्हणजे क्रियापद तो-तू-मी असं चालवून दाखवण्यापाशी. आणि तिथं लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते चौदा सीगे, म्हणजे पुरुष-वचन-लिंगाप्रमाणे बदलणारी क्रियापदाची चौदा रूपं, तोंडपाठ करा मग पुढचं बोलू, दुसरी म्हणते कशाला डोकं फोडताय, सात रूपं बास झाली. मोबाईलमुळं हे भांडण सुरू झालं असं लोकांना वाटतं, पण ते बरंच जुनं आहे. (माज़ी म्हणजे भूतकाळ, मुज़ारे म्हणजे वर्तमान-भविष्य, आणि बहुतेक अरबी क्रियापदं तीन अक्षरी धातूवर उभी असतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.)

अगदी सुरुवातीचं फार लांबण लावत नाही. आठव्या शतकात बसरा आणि कूफा या इराकातल्या दोन शहरांत अरबी व्याकरण उभं राहिलं आणि त्यातला सगळ्यात मोठा ग्रंथ ज्यानं लिहिला तो मूळचा इराणी, अरबी त्याची घरची भाषा नव्हे. मला हे महत्त्वाचं वाटतं. वाळवंटातल्या पोराला रूपं आईकडूनच मिळत होती, तक्त्याची गरज पडली ती जास्त करून परक्याला. बसरावाले म्हणायचे मूळ म्हणजे मसदर (‘करणं’सारखं क्रियेचं नाम), क्रियापद त्यातून निघतं, कूफावाले बरोबर उलटं म्हणायचे. नवशिक्याला यातून काही मिळत नाही, पण क्लासात कुणीतरी हे काढतंच.

आपल्या भागात अरबी आली ती फारसीच्या खांद्यावर बसून. विजापूर, गुलबर्गा दोन्ही इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, बिदरचा १४७२ चा मदरसा मोडक्या अवस्थेत का होईना आजही उभा आहे, आणि सोलापूरचा किल्ला बहमनी, निजामशाही, आदिलशाही असा हात बदलत राहिला. पण दरबाराची भाषा फारसी. फारसीनं अरबीतनं नामं उचलली, क्रियापदं सोडून दिली आणि स्वतःचं ‘करणे’ त्याला जोडलं, मग दखनीनं आणि मराठीनं तेच केलं. म्हणून आपण इन्कार करतो, कबूल करतो, तक्रार करतो, तालीम करतो. चारशे-पाचशे वर्षं शब्द तोंडात आहेत, पण अरबी क्रियापद चालवायची वेळ इथल्या माणसावर कधी आलीच नाही. विजापूर वेशीतल्या उर्दू मीडियमच्या मुलालासुद्धा शब्द अर्धे ओळखीचे वाटतात आणि गरदान आली की तोही मराठी मीडियमवाल्याच्या शेजारी येऊन बसतो.

आता खरा मुद्दा, मदरशांचा काळ. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लखनौमध्ये जो अभ्यासक्रम बसवला गेला तो थोड्याफार फरकानं सगळ्या हिंदुस्थानात पसरला. त्यात सर्फची, म्हणजे शब्दरूपांची, पुस्तकं आधी आणि वाक्यरचना नंतर. पहिली पुस्तिका ‘मीज़ान’, मग ‘मुन्शइब’, मग ‘पंजगंज’. गंमत अशी की ‘मीज़ान’ फारसीत आहे, म्हणजे घरात दखनी बोलणारं पोरगं फारसीतनं अरबी क्रियापद शिकायचं. पुढं उर्दू आवृत्त्या आल्या तेव्हा जरा सुटका झाली. त्यातली घोकंपट्टी ज्यानं ऐकलीय तो विसरत नाही, पुढं-मागं डोलत, एका दमात : ‘फअल, किया उस एक मर्द ने, ज़माना-ए-गुज़श्ता में, सीगा वाहिद मुज़क्कर ग़ायब, बहस इस्बात फेल माज़ी मारूफ.’ हे झालं एका रूपाचं. असे चौदा. मग तेच नकारात, मग कर्मणीत, मग मुज़ारेत, पुढं सहा बाब (क्रियापदांचे स्वरांवरून पाडलेले गट), नसर-यन्सुरु, ज़रब-यज़रिबु, समिअ-यस्मउ, फतह-यफ्तहु, करुम-यकरुमु, हसिब-यहसिबु. बाहेरच्याला हे नुसतं रट्टा मारणं वाटतं, पण नीट बघितलं तर प्रत्येक रूपासोबत पोरगं त्या रूपाची अख्खी ओळखपरेड करतंय, पुरुष, वचन, लिंग, काळ, प्रयोग. नुसती रूपं पाठ करणं वेगळं आणि हे वेगळं, आणि या पद्धतीला नावं ठेवणारे नेमकं हेच सोडून देतात.

याच परंपरेतलं एक पुस्तक अंदमानात लिहिलं गेलं हे फार कमी जणांना माहीत असतं. १८५७ च्या उठावानंतर एका मुफ्तींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिथं हाताशी ग्रंथ नसताना त्यांनी आठवणीवरून क्रियापदरूपांचं पुस्तक लिहिलं, ‘इल्मुस्सीग़ा’. या नावातल्या अक्षरांची अब्जद किंमत (प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेला आकडा) काढून बेरीज केली तर १२७६ येते, आणि तेच त्याचं हिजरी साल, म्हणजे १८५९-६०. आजही मदरशांत ते शिकवलं जातं. सुटून आल्यावर हजला निघालेले ते मुफ्ती १८६३ मध्ये जहाज बुडून गेले.

वाद ज्याच्यावरनं होतो ती गोष्ट म्हणजे क्रम. गरदान ‘तो’पासून का सुरू करायची? माणसाला बोलताना आधी ‘मी’ लागतो. हॉटेलात, एअरपोर्टवर, शेठसमोर, सगळीकडं मी जातो, मी आणतो, मी केलं. आणि चौदाच्या तक्त्यात ‘मी’ येतो तेराव्या नंबरला! क्लास सोडून जाणाऱ्या बऱ्याच जणांनी ‘मी’ बघितलेलाच नसतो.

जुन्यांचं उत्तर असं की फअल हे सगळ्यात उघडं रूप, त्याला मागं काही चिकटलेलं नाही, बाकीच्या तेरांना काही ना काही शेपूट आहे, आणि शब्दकोशातही हेच रूप मिळतं. म्हणून आधी उघडं, मग कपडे घातलेलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, पाणिनीच्या परंपरेतही प्रथमपुरुष म्हणजे ‘तो’च, गच्छति, गच्छतः, गच्छन्ति, आणि द्विवचनही तिथं आहेच. शाळेत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी गच्छामि, गच्छावः, गच्छामः असं घोकलंय ती गोष्ट वेगळी. थोडक्यात दोन जुन्या व्याकरण-परंपरा ‘तो’पासून निघाल्या, आणि १९ व्या शतकातल्या प्रमाण इंग्रजी अरबी व्याकरणानंही लॅटिनची मी-तू-तोची सवय बाजूला ठेवून हाच क्रम घेतला, फक्त एकवचन एका रांगेत, द्विवचन दुसऱ्या, अनेकवचन तिसऱ्या रांगेत असं मांडलं.

पण नव्या पार्टीकडंही एक दमदार मुद्दा आहे. मुज़ारेत तफ्अलु हे रूप चौथ्या नंबरला ‘ती करते’ म्हणून येतं आणि सातव्याला ‘तू करतोस’ म्हणून. तफ्अलानि तर पाचव्या, आठव्या आणि अकराव्या अशा तीन जागी. म्हणजे चौदा घरं, पण वेगवेगळी रूपं अकराच. माज़ीतही फअल्तुमा दोनदा असल्यामुळं तेराच. सुरात म्हणणाऱ्या पोराला ओळीतल्या जागेवरनं अर्थ कळतो, ओळीतनं रूप बाहेर काढून वाक्यात ठेवलं की तेच पोरगं गप्प. हे मी इथल्या क्लासात बघितलंय आणि उस्ताद लोकही खासगीत मान्य करतात.

मग काय गाळायचं हा प्रश्न येतो आणि इथं माझं मत सरळ आहे, कुणासाठी शिकताय त्यावर सगळं अवलंबून. गल्फमधल्या शहरी बोलीत क्रियापदाचं द्विवचन उरलेलंच नाही, स्त्रियांचं वेगळं अनेकवचनही बहुतेक ठिकाणी गेलं, आठ रूपांवर गाडी चालते. ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्या मुलाला फअल्तुन्न (तुम्ही बायांनी केलं) घोकायला लावणं म्हणजे छळच. पण कुराण वाचायला बसलेल्या बाईला द्विवचन नक्को म्हणून सांगितलं तर सूरा रहमानमध्ये तिनं करायचं काय? तिथं ‘तुकज़्ज़िबान’, तुम्ही दोघं नाकारता, हे ३१ वेळा येतं, आणि ही सूरा घरोघरी ऐकली जाते. सात रूपांच्या कोर्समध्ये ‘अन्ति’, म्हणजे बाईला म्हटलेलं ‘तू’, तेही गळलेलं असतं, आणि सूरा मरयममध्ये खजुराच्या झाडाखाली मरयमला खा, पी, डोळे गार कर असं सांगितलंय ते सगळं त्याच रूपात. म्हणजे क्लास बायांचा आणि गाळलेलं रूप बायांचंच.

युरोपनं यात एक वेगळा गुंता घालून ठेवलाय. लायडनमध्ये १६१३ साली छापलेलं, लॅटिनमध्ये लिहिलेलं अरबी व्याकरण तिकडं जवळजवळ दोन शतकं चाललं. पुढं तिकडच्या अभ्यासकांनी धातूपासून बनणाऱ्या साच्यांची (यांनाही बाबच म्हणतात) नावं बाजूला ठेवून रोमन आकडे वापरायला सुरुवात केली, मूळ रूप एक, तफईल दोन, इफआल चार, इस्तिफआल दहा. १९५२ ला जर्मनीत निघालेला आणि नंतर इंग्रजीत गेलेला मोठा शब्दकोशही आकड्यांवरच चालतो. त्यामुळं यूट्यूबवर शिकलेला मुलगा ‘फॉर्म टेन’ म्हणतो आणि मौलाना ‘बाब इस्तिफआल’, दोघं एकच बोलत असतात आणि दोघांना पत्ता नसतो.

विसाव्या शतकात तर वेगच वाढला. १८९० च्या दशकात कानपूर-लखनौकडून निघालेल्या सुधारणेच्या चळवळीनं अरबी ही जिवंत भाषा म्हणून शिकवा असा आग्रह धरला होता, पण खरा धक्का तेलाच्या पैशानं दिला. १९७३ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावं, तेलाच्या किमती भडकल्या आणि डिसेंबरमध्ये अरबी संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा झाली. ज्यांना बोलायचं होतं असे शिकणारे तेव्हापासून वाढले. तामिळनाडूत जन्मलेल्या एका प्राध्यापकांनी मदिनेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी जी तीन भागांची पाठ्यपुस्तकं केली त्यात गरदान मुळात पुढं येतच नाही, पहिल्या भागात हे घर आहे, ही मशीद आहे, पेन टेबलावर आहे, अशी बिनक्रियापदाची वाक्यंच भरपूर. इथं जी फोटोकॉपी फिरते ती बहुतेक याचीच.

मग हैदराबादहून हातवाऱ्यांची पद्धत आली. उजव्या हाताचं एक बोट उजवीकडं म्हणजे तो, चार बोटं म्हणजे ते, बोट समोर म्हणजे तू, स्वतःकडं म्हणजे मी, आणि डावा हात डावीकडं म्हणजे ती. सात रूपं, दहा मिनिटांत वर्ग उभा राहून करतो, पन्नाशीच्या बायासुद्धा लाजत-लाजत करतात आणि त्यांना येतं, हे मान्यच करावं लागेल. २०१९ ला एका मोठ्या ॲपवरही अरबी आली. हल्ली सोलापुरातले काही क्लास आधी हातवारे घेतात आणि वर्षाअखेरीला चौदाचा तक्ता देतात.

दोन्ही पार्ट्यांची गाडी रुळावरनं घसरते ती क़ाल (तो म्हणाला) या एका क्रियापदापाशी. क़-व-ल धातूची रूपं कुराणात १७०० पेक्षा जास्त वेळा येतात, त्यामुळं ते टाळता येत नाही. जुने उस्ताद नियम म्हणायला लावतात, ‘असल में क़वल था, वाव मुतहर्रिक, माक़बल मफ्तूह, वाव को अलिफ से बदल दिया’, म्हणजे मूळ क़वल, त्यातल्या ‘व’ला स्वर आणि आधीच्या अक्षराला ‘अ’, म्हणून ‘व’चा ‘आ’ झाला. नवे कोर्स नियम गाळून रूपंच देतात. चौदाच्या ओळीत क़ाल, क़ाला, क़ालू, क़ालत, क़ालता अशी पाच रूपं लांब ‘आ’ची येतात आणि सहाव्या कुल्नपासून शेवटपर्यंत ‘उ’, म्हणजे मोडतं ते एकाच जागी. हातवाऱ्यांच्या क्रमात ‘ती’ सगळ्यात शेवटी असल्यानं क़ाल, क़ालू, कुल्त, कुल्तुम, कुल्तु, कुल्ना आणि मग परत क़ालत, असा सूर शेवटाला उलटा फिरतो, आणि पहिल्या आठवड्यात वर्गातले निम्मे लोक तिथं ‘कुलत’ म्हणतात.