ह्यू द ड्रोव्हर

इंग्रज संगीतकार रेफ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) यांचा दोन अंकी ऑपेरा. संहिता हॅरल्ड चाइल्ड यांची. ते ‘द टाइम्स’मध्ये अग्रलेख लिहीत. रचना मुख्यतः १९१० ते १९१४ दरम्यानची, पण मध्ये महायुद्ध आल्याने रंगमंचावर यायला १९२४ साल उजाडले. त्या जुलैत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आणि लगेच हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये तो सादर झाला. तालमी अपुऱ्या होत्या. प्रयोग तरला तो तरुण वाद्यवृंद-संचालक माल्कम सार्जंट यांच्यामुळे.

कथा नेपोलियनच्या युद्धकाळातली, १८१२च्या सुमाराची. स्थळ कॉट्सवोल्ड टेकड्यांमधले एक लहान गाव. कॉन्स्टेबलची मुलगी मेरी हिचे लग्न धनवान खाटीक जॉनशी ठरले आहे, पण तिचे मन जडते ते सैन्यासाठी घोडे हाकत नेणाऱ्या फिरस्त्या ह्यूवर. दोघे पुरुष मुष्टियुद्धाला उभे राहतात, पैज मेरीचीच. हरलेला जॉन ह्यूला फ्रेंचांचा हेर ठरवतो आणि गावकरी त्याला खोड्यात अडकवतात. मेरीही त्याच्याशेजारी खोड्यात जाऊन बसते. शेवटी आलेला सैन्यातला सार्जंट ह्यूला जुना मित्र म्हणून ओळखतो आणि त्याच्याऐवजी जॉनलाच सैन्यात भरती करून नेतो.

रंगमंचावर मुष्टियुद्ध संगीतात बांधायची व्हॉन विल्यम्स यांची हौस जुनीच. चेक संगीतकार स्मेतानाच्या ‘द बार्टर्ड ब्राइड’ या ऑपेराने चेक खेड्याला जे दिले, तसे काही इंग्रज खेड्यासाठी करावे असे त्यांच्या मनात होते. १९०३पासून एसेक्स, नॉरफोक, ससेक्समध्ये हिंडून त्यांनी आठशेहून अधिक लोकगीते टिपली होती. तरी या ऑपेरात जशीच्या तशी घेतलेली लोकगीते थोडीच आहेत. बाकीच्या चाली त्यांच्या स्वतःच्या, पण लोकगीतांच्या वळणाच्या. कुठली उसनी आणि कुठली रचलेली हे नुसत्या कानाला सहज उमगत नाही. पहिल्या अंकातली जत्रा हा सर्वांत सरस भाग. फेरीवाल्यांच्या आरोळ्या, पोवाडे विकणारा, बोनापार्टचा पुतळा मिरवणारा खेळवाला, मॉरिस हे इंग्रज लोकनृत्य नाचणारे, सगळे एकात एक मिसळत मुष्टियुद्धापर्यंत चढत जाते. त्यापुढे दुसरा अंक सैल वाटतो. सैन्यातल्या सार्जंटने ह्यूला ओळखणे तर फारच सोयीचे! व्हॉन विल्यम्स स्वतःही समाधानी नसावेत, कारण त्यांनी या कृतीत पुढे अनेकदा फेरफार केले.

याच सुमारास इंग्रज संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट यांनी ‘अ‍ॅट द बोर्स हेड’ (१९२५) हा ऑपेरा जवळजवळ पूर्णपणे जुन्या इंग्रज चालींवर उभा केला. व्हॉन विल्यम्स यांच्या ‘सर जॉन इन लव्ह’मध्येही (१९२९) लोकगीते आहेत, त्यांत ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ सर्वांत प्रसिद्ध.