अर्धांगवायूसारखी दिसणारी अर्धशिशी : पार्श्वभूमी

हेमिप्लेजिक मायग्रेन, म्हणजे अंगाची एक बाजू काही काळ लुळी पाडणारी अर्धशिशी, घरच्यांना पहिल्यांदा भेटते ती बहुतेक वेळा अर्धांगवायू म्हणूनच. एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असे झटके येतात, अशी नोंद १९१० मध्येच झाली होती. पुढची कित्येक दशकं मात्र त्यात फारशी भर पडली नाही.

खरी गती आली १९९६ मध्ये. या आजाराचं पहिलं जनुक त्या वर्षी सापडलं, कॅल्शियम चॅनेलशी (पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटेशी) संबंधित. २००३ आणि २००५ मध्ये आणखी दोन हाती लागली. योगायोग असा, की रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला अर्धांगवायूसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली तीही १९९६ मध्येच. ते तीन तासांच्या आत द्यायचं (पुढे ही मुदत साडेचार तासांवर गेली). तोवर ‘थोडं थांबून बघू’ म्हणणं परवडायचं. आता नातेवाईक घड्याळाकडे बघत धावतात, आणि ते बरोबरच आहे. कारण निदानाच्या निकषांत किमान दोन झटके लागतात. पहिल्या झटक्याला ठामपणे मायग्रेन म्हणताच येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो ट्रिप्टान गटाच्या, म्हणजे मायग्रेनचा झटका थांबवणाऱ्या गोळ्यांवरून. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही औषधं आली, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या सिद्धान्ताचा पगडा होता : वाहिन्या आकुंचन पावल्या की ऑरा (डोळ्यांपुढच्या रेघा, मुंग्या, लुळेपणा अशी ठणक्याआधीची लक्षणं), प्रसरण पावल्या की ठणका. ट्रिप्टान वाहिन्या आकसवतं. मग आधीच हात लुळा पडलेल्या माणसाला ते दिलं तर खराच अर्धांगवायू व्हायचा, ही भीती. म्हणून या रुग्णांना चाचण्यांतून वगळलं आणि माहितीपत्रकावर मनाई छापली. वगळल्यामुळे पुरावा जमला नाही, आणि पुरावा नाही म्हणून मनाई उठली नाही.

वास्तविक त्या सिद्धान्ताला तडा आधीच गेला होता. १९४१ मध्ये एका मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच ऑरात डोळ्यांपुढची नागमोडी रेघ कशी सरकते ते टिपून हिशेब मांडला : मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. १९४४ मध्ये सशाच्या मेंदूतल्या विद्युत क्रियेत तशीच मंद सरकणारी लाट दिसली, आणि २००१ मध्ये माणसाच्या मेंदूतही, कार्यात्मक एमआरआयवर. मुंग्या आधी बोटांत, मग मनगटात, कोपरात, आणि वीसेक मिनिटांनी ओठांवर, जिभेवर का येतात, ते या लाटेवरून उलगडतं. अर्धांगवायूत बहुधा सगळं एकदम जातं. सापडलेली तिन्ही जनुकंही पेशीतल्या आयनांची (कॅल्शियम, सोडियमसारख्या विद्युतभारित कणांची) ये-जा सांभाळणारीच निघाली, रक्तवाहिनीची नव्हे.

मनाई असूनही ट्रिप्टान घेतलेल्या रुग्णांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा भीती होती तसे अर्धांगवायू त्यांत दिसले नाहीत. संख्या लहान, आणि नोंदीही नंतर गोळा केलेल्या, हे खरं. तरी १९९० च्या दशकातली सावधगिरी समजण्यासारखी होती. आजची मनाई बरीचशी सवयीवर उभी आहे, असं म्हणायला जागा आहे. औषध द्यायचं की नाही हे अजूनही एकेका न्यूरॉलॉजिस्टच्या धीरावर ठरतं, आणि एका दवाखान्यात चालणारी गोळी दुसरीकडे ऐकताच नाकारली जाते.

२०१८ पासून सीजीआरपी (मायग्रेनच्या झटक्यात भाग घेणारा, प्रथिनासारखा एक रेणू) रोखणारी इंजेक्शनं आली. ती रक्तवाहिन्या थेट आकसवत नाहीत, त्यामुळे जुना आक्षेप तसाच्या तसा लागू होत नाही. मात्र त्यांच्याही मुख्य चाचण्यांत हेमिप्लेजिकच्या रुग्णांना सहसा घेतलं गेलं नाही.